ब्राउनीतले अक्रोड, ओट्स आणि एक सपाट कप

मधुमेहाचे आणि कोलेस्टेरॉलचे रुग्ण अलीकडे एक प्रश्न वरचेवर विचारतात. मैद्याचा केक सोडला, पण घरी ओट्स आणि अक्रोड घालून केलेली ब्राउनी चालते का? प्रश्नामागचा विचार सरळ आहे. ओट्स कोलेस्टेरॉलला चांगले, अक्रोड हृदयाला चांगले, कोकोही चांगला म्हणतात. मग तिन्ही एकत्र आले की पदार्थ चांगलाच होणार!

याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते कुणाला पटत नाही. म्हणून आज थोडा इतिहास पाहू. ब्राउनी कुठून आली, तिच्यात अक्रोड कधी पडले, ओट्सना आणि अक्रोडांना ‘आरोग्यदायी’ ही पदवी कधी आणि कशाच्या जोरावर मिळाली, हे समजलं की या प्रश्नाचं उत्तर तुम्ही स्वतःच काढू शकाल.

चॉकलेट नसलेली ब्राउनी

ब्राउनी हा पूर्णपणे अमेरिकन पदार्थ. शिकागोतलं पामर हाउस हॉटेल तिच्या जन्माची गोष्ट अभिमानाने सांगतं. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. (स्वामी विवेकानंदांचं प्रसिद्ध भाषण झालं ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.) प्रदर्शनाच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा बर्था पामर यांनी हॉटेलच्या स्वयंपाकघराला सांगितलं, की बायकांना जेवणाच्या डब्यात नेता येईल, हातात धरून खाता येईल असा केकपेक्षा लहान गोड पदार्थ करा. त्यातून अक्रोड घातलेला, वरून जर्दाळूचा पातळ थर दिलेला चॉकलेटचा चौकोनी तुकडा तयार झाला. हॉटेलमध्ये तो अजूनही मिळतो.

ही झाली हॉटेलची गोष्ट. छापील पुस्तकांत मात्र ब्राउनीचा प्रवास जरा वेगळा दिसतो. १८९६ साली बोस्टनच्या फॅनी फार्मर यांचं पाककृतींचं गाजलेलं पुस्तक आलं. त्यात ‘ब्राउनी’ नावाची कृती आहे, पण तिच्यात चॉकलेट नाहीच! आहे ते मोलॅसिस, म्हणजे आपल्या काकवीच्या जातीचा उसाचा दाट, काळपट रस. सोबत लोणी, पिठीसाखर, अंडं, मैदा आणि पिकन नावाचा अक्रोडासारखा सुकामेवा. हे मिश्रण लहान लहान साच्यांत भाजायचं आणि प्रत्येकावर अर्धा पिकन ठेवायचा. आज ‘साखर नको, गूळ घाला’ म्हणून ज्या ब्राउनी केल्या जातात, त्यांची थोरली बहीणच म्हणायची.

याच पुस्तकाच्या १९०६ च्या आवृत्तीत चॉकलेटची ब्राउनी आली. तिचं माप असं: १ कप साखर, पाव कप वितळलेलं लोणी, १ अंडं, बिनसाखरेच्या चॉकलेटच्या २ वड्या, थोडा व्हॅनिला, अर्धा कप मैदा आणि अर्धा कप अक्रोड. बेकिंग पावडर नाही, म्हणून केकसारखी न फुगता ती दाट आणि ओलसर राहते. हे मिश्रण ७ इंची चौकोनी ट्रेमध्ये भाजून तुकडे करायचे.

हे माप लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशोब करायचा आहे. तूर्तास एवढंच पाहा की अक्रोड पहिल्यापासून या पदार्थात होते. दाट, गोड तुकड्यात मध्येच दाताखाली काहीतरी कुरकुरीत यावं, किंचित तुरट चव लागावी, एवढंच त्यांचं काम होतं. कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार यांचा संबंध तेव्हा कुणाला माहीतच नव्हता.

ब्राउनी लिहिणाऱ्या बाईंचं दुसरं पुस्तक

फॅनी फार्मर यांच्याविषयी डॉक्टर म्हणून थोडं सांगावंसं वाटतं. त्यांचा जन्म १८५७ चा. सोळाव्या वर्षी त्यांना अर्धांगासारखा आजार झाला आणि शिक्षण थांबलं. काही वर्षं चालताही येत नव्हतं. पुढे पाय लंगडत राहिला, पण त्या उभ्या राहिल्या, तिशीच्या सुमारास बोस्टनच्या पाककला विद्यालयात दाखल झाल्या आणि पुढे त्याच विद्यालयाच्या प्रमुख झाल्या.

त्यांच्या आधीच्या पाककृतींत ‘अक्रोडाएवढं लोणी’, ‘मूठभर पीठ’, ‘चहाचा पेलाभर साखर’ अशी मापं असत. आपल्या आजीची ‘अंदाजपंचे’ पद्धत म्हणा ना! फार्मरबाईंनी आग्रह धरला तो सपाट मापाचा. कप किंवा चमचा शिगोशीग भरायचा नाही. भरून झाल्यावर वरून सुरी फिरवून सपाट करायचा. दर वेळी, दर घरी माप तेच. आज जगभरच्या पाककृतींत ‘१ कप’, ‘अर्धा चमचा’ असं बिनघोर लिहिलं जातं, त्याचं मोठं श्रेय त्यांच्याकडे जातं.

त्यांचं दुसरं पुस्तक १९०४ मध्ये आलं. ते होतं आजारी आणि बरं होत असलेल्या माणसांच्या आहारावर, आणि त्यात मधुमेहींच्या आहारावर स्वतंत्र प्रकरण होतं. इन्शुलिन यायला तेव्हा जवळजवळ दोन दशकं बाकी होती. मधुमेहाच्या रुग्णाला आहार मोजून देणं, याखेरीज डॉक्टरच्या हातात फारसं काही नव्हतं. फार्मरबाईंनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातही रुग्णांच्या आहारावर व्याख्यानं दिली. मधुमेहाच्या उपचाराला शिस्त लावणारे बोस्टनचे प्रसिद्ध डॉक्टर एलियट जोस्लिन यांनी पुढे सांगितलं, की मधुमेहावर लिहिण्याची प्रेरणा आपल्याला फॅनी फार्मर यांच्याकडून मिळाली.

म्हणजे १९०४ मध्ये मधुमेहींसाठी लिहिणारी आणि १९०६ मध्ये कपभर साखरेची ब्राउनी छापणारी बाई एकच. यात विसंगती नाही. ब्राउनी हा सणासमारंभाचा गोड पदार्थ आणि रुग्णाचं जेवण हे पथ्य, हा फरक त्यांच्या मनात स्वच्छ होता. दोन्हीकडे माप मात्र सपाटच.

घोड्याच्या चंदीपासून हृदयाच्या औषधापर्यंत

आता ओट्स. इंग्लंडमध्ये ओट्स म्हणजे मुख्यतः घोड्याची चंदी. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशात या धान्याची व्याख्या देताना, इंग्लंडमध्ये ते घोड्यांना देतात आणि स्कॉटलंडमध्ये मात्र माणसं त्यावर जगतात, असा चिमटा काढला होता. अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत माणसांसाठीचं ओट्सचं पीठ बहुतेक परदेशातून येई आणि औषधविक्रेत्यांकडे मिळे. ते आजाऱ्याच्या पेजेसाठी लागत असे.

हे चित्र फर्डिनंड शूमाकर या जर्मन स्थलांतरिताने बदललं. त्याने १८५६ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी ओट्सची गिरणी काढली. पुढे ओट्सचे दाणे वाफवून रुळांखाली चपटे करण्याची पद्धत आली आणि शिजायला तासन्‌तास घेणारं धान्य मिनिटांत शिजू लागलं. आपल्या पोह्यांसारखंच हे तंत्र. १८७७ मध्ये ‘क्वेकर’ या नावाची नोंदणी झाली. खोक्यात बंद, चित्र छापलेले ओट्स घरोघर पोहोचले आणि कुकीजमध्येही पडू लागले. फार्मरबाईंच्या १८९६ च्या पुस्तकात ओटमीलच्या कुकीजची कृती आहेच.

इथपर्यंत ओट्स म्हणजे स्वस्त, पोटभरीचा नाश्ता. वैद्यकीय कथा सुरू होते १९६३ मध्ये. नेदरलँड्सच्या संशोधकांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. काही पुरुषांना तीन आठवडे रोज १४० ग्रॅम ओट्स असलेला पाव दिला. त्यांचं कोलेस्टेरॉल सुमारे ११ टक्क्यांनी उतरलं. ओट्स इथे भाजलेल्या पावात होते, म्हणजे भट्टीत गेल्याने त्यांचा गुण नाहीसा होत नाही. पण प्रमाणही पाहा: १४० ग्रॅम, रोज!

हा गुण येतो बीटा-ग्लुकन या विरघळणाऱ्या तंतूमुळे. पाण्यात तो चिकट, बुळबुळीत होतो. आतड्यात त्याचा दाट थर तयार होतो आणि पित्तातली आम्लं त्यात अडकून शौचावाटे बाहेर जातात. यकृताला मग नवं पित्त करावं लागतं. त्यासाठी लागणारं कोलेस्टेरॉल ते रक्तातून उचलतं, आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल थोडं कमी होतं.

१९८० च्या दशकात अमेरिकेत हे ज्ञान घरोघर पोहोचलं आणि त्याचं वेड झालं. १९८७ मध्ये कोलेस्टेरॉल आठ आठवड्यांत उतरवण्याचा मार्ग सांगणारं एक पुस्तक प्रचंड खपलं. त्यात ओट्सच्या कोंड्याचे मफिन खायला सांगितले होते. मग कोंडा सगळ्याच खाऊत शिरला. दोन चमचे कोंडा घातला की डोनट आणि बटाट्याचे चिप्ससुद्धा हृदयाचे मित्र होऊ लागले.

जानेवारी १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बोस्टनच्या संशोधकांचा अभ्यास आला आणि ही लाट ओसरली. त्यांनी २० निरोगी व्यक्तींना काही आठवडे ओट्सचा कोंडा आणि काही आठवडे साधा, कमी तंतूंचा गहू दिला. कोलेस्टेरॉल दोन्ही वेळा जवळजवळ सारखंच उतरलं. कारण काय? दोन्ही वेळा पोट धान्याने भरल्यामुळे लोकांच्या ताटातले चरबीचे पदार्थ आपोआप कमी झाले होते.

म्हणजे ओट्स खोटे ठरले का? नाही. या लोकांचं कोलेस्टेरॉल मुळात कमीच होतं, आणि अभ्यास लहान होता. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ओट्सचा स्वतःचा परिणाम खरा असल्याचं, पण माफक असल्याचं दिसलं. १९९७ मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ओट्सच्या वेष्टनावर हृदयविकाराचा धोका कमी होण्याबाबतचा दावा छापायला परवानगी दिली. पण अटी घालून: दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकन पोटात गेलं पाहिजे, म्हणजे सुमारे ६० ग्रॅम ओट्स. एका वाढणीत त्याचा निदान चौथा हिस्सा हवा. आणि तो पदार्थ कमी चरबीचा हवा.

अक्रोडाला पदवी मिळते

अक्रोडांची गोष्ट याच काळातली. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सुमारे ३१ हजार सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथीयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यात आठवड्यातून चारपेक्षा जास्त वेळा सुकामेवा खाणाऱ्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांच्या साधारण निम्मं होतं.

पुढच्याच वर्षी १८ पुरुषांवर अक्रोडांचा प्रयोग झाला. एकूण उष्मांकांपैकी २० टक्के अक्रोडातून दिले, आणि ‘वाईट’ म्हणजे एलडीएल कोलेस्टेरॉल सुमारे १६ टक्क्यांनी कमी भरलं. या प्रयोगाला कॅलिफोर्नियाच्या अक्रोड उत्पादकांच्या मंडळाचं अर्थसाहाय्य होतं, हे सांगायला हवं. आणखी महत्त्वाची गोष्ट अशी, की अक्रोड आहारात वरून घातले नव्हते. तेवढ्याच उष्मांकांचे इतर स्निग्ध पदार्थ आणि मांस काढून घेतलं होतं. एकूण उष्मांक सारखेच ठेवले होते.

स्पेनमधल्या ‘प्रेडिमेड’ या मोठ्या अभ्यासातही हेच दिसतं. २०१३ चा त्याचा मूळ निबंध गटवाटपातल्या त्रुटींमुळे मागे घ्यावा लागला आणि २०१८ मध्ये पुन्हा तपासून प्रसिद्ध झाला. निष्कर्ष बराचसा तोच राहिला. त्यात एका गटाला रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला होता: १५ ग्रॅम अक्रोड, बाकी बदाम आणि हेझलनट. आणि त्याच लोकांना बाजारातले बेकरीचे आणि गोड पदार्थ कमी करायलाही सांगितलं होतं.

२०१० मध्ये तर एफडीएने अक्रोड विकणाऱ्या एका कंपनीला खरमरीत पत्र पाठवलं. कंपनीच्या प्रचारात हृदयविकारापासून नैराश्यापर्यंत इतके गुण सांगितले होते, की असे दावे करायचे तर अक्रोडाला औषध म्हणून परवानगी घ्यावी लागेल, असा त्या पत्राचा अर्थ होता.

कोकोचंही थोडक्यात सांगतो. कोकोत फ्लॅव्हॅनॉल नावाची उपयुक्त द्रव्यं असतात. २०२२ मध्ये २१ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. त्यांना रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हॅनॉल कॅप्सूलमधून दिलं. हृदय-रक्तवाहिन्यांच्या एकूण घटनांत ठोस घट दिसली नाही. हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले, त्यामुळे यावर अजून काम व्हायला हवं. पण कॅप्सूलमधली ती मात्रा ब्राउनीतून मिळत नाही. कोकोचा कडवटपणा घालवण्यासाठी त्यावर अल्कलीची प्रक्रिया केलेली असेल, तर फ्लॅव्हॅनॉल आणखी कमी होतात.

आता हिशोब करू

१९०६ चं ते माप आजच्या ग्रॅममध्ये मांडू: साखर २०० ग्रॅम, लोणी ५७, चॉकलेट ५६, मैदा ६०, अक्रोड सुमारे ५० ग्रॅम. साखर मैद्याच्या तिप्पट! ७ इंची ट्रेचे १६ तुकडे केले, तर एका तुकड्यात साखर साडेबारा ग्रॅम, अक्रोड ३ ग्रॅम आणि उष्मांक साधारण १३५.

आता सगळा मैदा काढून ६० ग्रॅम ओट्स घाला. एका तुकड्यात जेमतेम ४ ग्रॅम ओट्स येतील. कोलेस्टेरॉलवर परिणाम व्हायला दिवसाला ६० ग्रॅम लागतात. म्हणजे पूर्ण ट्रे एकट्याने संपवावा लागेल, २०० ग्रॅम साखरेसकट. अक्रोडांचे १५ ग्रॅम हवे असतील तर ५ तुकडे खायला हवेत. त्यातून साखर ६० ग्रॅमच्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाची वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर आणखी चांगलं. दोन तुकड्यांतच ते २५ ग्रॅम संपतात.

साखरेऐवजी गूळ, काकवी, मध किंवा खजूर घातला तर? खजुरात थोडे तंतू असतात एवढं खरं. पण रक्तातली साखर यातल्या प्रत्येकाने वाढते. मधुमेहींनी गूळ म्हणजे सवलत समजू नये.

अभ्यासात जे सिद्ध झालं ते ठरावीक मात्रेत, आणि दुसरं काहीतरी काढून त्या जागी ओट्स किंवा अक्रोड दिल्यावर. स्वयंपाकघरात येईपर्यंत मात्रा गळून पडली, ‘त्या जागी’ गळून पडलं, आणि फक्त नाव उरलं.

मग घरी करायचीच नाही का?

जरूर करा. घरच्या ब्राउनीचा खरा फायदा असा, की तिच्यात काय आहे हे तुम्हाला माहीत असतं. वनस्पती तूप आणि तशाच घट्ट केलेल्या बेकरीच्या चरबीतून ट्रान्स फॅट पोटात जात असे. ही चरबी हृदयाला सर्वांत घातक. भारतात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. घरी लोणी किंवा साधं तेल मोजून घातलं की हा प्रश्नच उरत नाही.

काही सोप्या सूचना:

- साखर मोजून एक तृतीयांश कमी करा. पोत थोडा बदलतो, पण ब्राउनी चांगली होते.
- १६ ऐवजी २५ लहान तुकडे करा. वरच्या बदलासह एका तुकड्यात साखर ५ ते ६ ग्रॅमवर येते.
- मैद्यातला अर्धा भाग ओट्सच्या भरडीने बदला. चव छान येते. तो पथ्याचा भाग मात्र समजू नका.
- ओट्सचा गुण हवा असेल तर सकाळी बिनसाखरेचे, तिखटमिठाचे ओट्स खा. जवातही बीटा-ग्लुकन असतं.
- अक्रोड हवेत तर रोज तीन-चार, नुसतेच, आणि फरसाणाच्या किंवा बिस्किटांच्या जागी. खवट लागणारे टाकून द्या. उरलेले फ्रिजमध्ये ठेवा.
- सुकामेव्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना असा पदार्थ देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे अक्रोड-बदाम देऊ नका, घशात अडकू शकतात.
- ग्लुटेन वर्ज्य असणाऱ्यांनी साधे ओट्स टाळावेत, त्यात गव्हाची भेसळ असू शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर कोको आणि सुकामेव्याचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

मधुमेह आटोक्यात असेल तर वाढदिवसाला एक लहान तुकडा, जेवणानंतर, त्या दिवशीचा भात किंवा पोळी थोडी कमी करून खायला बहुतेकांना हरकत नसते. तो गोड पदार्थ म्हणूनच मोजा. ‘ओट्सची आहे’ म्हणून दुसरा तुकडा उचलला जातो, आणि साखर वाढते ती बहुधा त्या दुसऱ्या तुकड्याने.